सवतीचं नवं इंजिन

इंजिन खाली उतरत असताना बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत, आणि माझा भाऊ मघापासून बोलत होता. साखळीची कप्पी त्याच्या हातात, इंजिन हवेत लोंबकळतंय, खाली खड्ड्यात मी, आणि हा वरून विचारतोय, "अगं, पण हा हूक एवढं वजन पेलेल ना?" पेलेल. ती कप्पी तुझ्या जन्माच्या आधीपासून त्या तुळईला टांगलेली आहे, तुझ्याहून जड इंजिनं तिनं उचलली आहेत आणि एकदाही कुरकुर केलेली नाही. हे सगळं मी मनातल्या मनात म्हटलं. कारण त्या दिवशी मला तोंड उघडायची मनाई होती.

मनाई दादाचीच होती. आदल्या संध्याकाळी तो आला, चहा झाला, आणि कप खाली ठेवता ठेवता त्यानं विषय काढला. विषय जुनाच. बाबांनी आता गॅरेजमधलं काम सोडावं आणि त्याच्याकडे राहायला जावं. दादाचं घर लांबच्या शहरात, उंच इमारतीत. तिथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बागेत बाबांच्या वयाची माणसं बाकांवर बसून एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करतात. दादा हे कौतुकानं सांगत असतो, आणि बाबा घासात खडा लागल्यासारखा चेहरा करून ऐकत असतात.

मी दादावर चिडते, पण खोटं कशाला बोलू, त्याची भीती खरी होती. गेल्या काही महिन्यांत बाबा विसरायला लागले होते. नावं विसरणं वेगळं. नावं मीही विसरते, गिऱ्हाइकांना गाडीच्या रंगावरून ओळखते. बाबा हातातलं काम विसरत होते. एकदा जुनं ऑइल काढून नवं ओतलं आणि खालची बुची लावायचीच राहिली. सगळं ऑइल फरशीवर. दुसऱ्या वेळेला गाडी नुसत्या जॅकवर उचलून, लाकडी ठोकळे न लावता ते तिच्याखाली शिरले. ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही, हे ज्यांनी मला कान धरून शिकवलं ते बाबा! मी त्यांना पाय धरून बाहेर ओढलं, आणि रागाच्या भरात ही गोष्ट दादाला फोनवर सांगून बसले. तेव्हापासून त्याची झोप उडाली, आणि त्यानं माझी उडवली.

"हे बघा बाबा," दादा म्हणाला, "मी जबरदस्ती करणार नाही. सवतीचं इंजिन उद्या चढवायचंय ना? तुम्ही चढवा. ही तुम्ही सांगाल तेवढंच करेल, मी साखळी ओढेन. हिनं सल्ला द्यायचा नाही, आठवण करून द्यायची नाही. काम नीट झालं तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही झालं, तर माझ्याबरोबर यायचं."

मला वाटलं बाबा उखडतील. ते चक्क हसले. "घोडामैदान जवळच आहे," म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "दहा, उद्या तोंडाला कुलूप लाव."

दहा म्हणजे मी. कुठल्याही गॅरेजात जाऊन बघा, सगळे पाने जागच्या जागी असतील, फक्त दहा नंबरचा सापडणार नाही. लहानपणी मीही अशीच होते म्हणे. आईनं पाटीपेन्सिल देऊन इथे बसवलं की मी तिथे. शेवटी सापडायची ती गॅरेजमध्ये, बाबांच्या पायाशी, तोंड काळं करून. "सापडला गं तुझा दहा नंबर," असं बाबा घराकडे तोंड करून ओरडायचे. आता माझे गुडघे वाजतात, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो, पण नंबर म्हटलं की घरात अजून मीच.

आणि सवत म्हणजे गाडी. हे नाव आईनं ठेवलेलं. लग्न झाल्यावर पहिल्याच रविवारी आई नटूनथटून बसली, आणि नवरा गाडीखाली. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी आईनं चहाचा कप गाडीच्या टपावर आदळला आणि म्हणाली, "हिच्याशीच लग्न करायचं होतं." त्या दिवसापासून गाडी सवत झाली. पण मत्सर होता तो वरवरचा. आई गाडी चालवायला शिकली ती सवतीवरच, आणि शिकल्यावर बाबांना तिनं शेजारच्या सीटवर बसवलं ते कायमचं. आम्ही दोघं भावंडं मागे. दादा खिडकीपाशी, कारण त्याला मळमळायचं. मी मधे, कारण मला पुढचं सगळं दिसायला हवं असायचं. आईच्या मानेवरचे सुटलेले केस, बाबांचा खिडकीबाहेर ठेवलेला कोपर आणि पायाखाली येणारी इंजिनाची मंद घरघर. आजही झोप येत नसली की मी ती घरघर आठवते. आई गेल्यावर गाडी विकायचा विषय निघाला होता. कुणी काढला ते सांगत नाही, तो साखळी धरून उभा होता.

गेल्या वर्षी सवतीच्या इंजिनाला तडा गेला. जोडण्यापलीकडचा. बाबांनी कुठून कुठून शोधून त्याच बनावटीचं इंजिन मिळवलं, एका मोडीत निघालेल्या गाडीतलं. महिनाभर ते खोलून, धुऊन, जोडून ठेवलं. त्यातलं अर्धं काम मी त्यांच्या नकळत पुन्हा तपासलं आणि मला एकही चूक सापडली नाही, हेही सांगायला हवं.

आता चढवायचं तेवढं राहिलं होतं, आणि चढवण्यातच खरी कसोटी असते. इंजिन गाडीच्या अंगावर थेट टेकत नाही. लोखंडाच्या दोन पट्ट्यांत जाड रबर भरलेले ठोकळे असतात, त्यांना माउंटिंग म्हणतात. सवतीला तीन: एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि एक मागे गिअरबॉक्सच्या खाली. इंजिन थरथरतं ते रबर पिऊन टाकतं, म्हणून आत बसलेल्या माणसाला सुखानं गप्पा मारता येतात. पण त्यासाठी इंजिन तिन्हींवर सरळ, कुठेही ओढ न लागता बसायला हवं. त्याची बाबांची एक रीत होती. तिन्ही बोल्ट आधी नुसत्या हातानं लावायचे, जेमतेम दोन आटे. पाना जवळपासही ठेवायचा नाही. मग इंजिनाला धरून हलकेच पुढे-मागे डुलवायचं, दोनदा-तीनदा, की ते आपली जागा शोधतं. त्यानंतरच आवळायचं, तेही थोडं इकडे, थोडं तिकडे. शेवटचा बोल्ट लागल्याशिवाय पहिला आवळायचा नाही.

हे मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या वयात शिकले. माझा हात लहान म्हणून मागच्या माउंटिंगचा बोल्ट हातानं लावायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा भोक समोर आलं नाही म्हणून मी बोल्टावर हातोडी मारली, तेव्हा बाबा खड्ड्यात उतरले, हातोडी काढून घेतली आणि म्हणाले, "इंजिन बसवायचं नसतं गं. बसू द्यायचं असतं. पाहुणा घरात आला की त्याला धरून खुर्चीत दाबतेस का? ये म्हणायचं, खुर्च्या पुढे करायच्या, तो बसतो आपला." मग त्यांनी मला कडेवर घेऊन वर आणलं, तोंड पुसलं आणि आईला सांगितलं की हिला आज एक महत्त्वाची गोष्ट समजली. आई म्हणाली, "आता परवचाही समजवा." रॉकेल, रबर आणि बाबांचा घामट सदरा यांचा तेव्हाचा वास मला कुठल्याही अत्तरापेक्षा प्यारा आहे.

तर त्या शनिवारी सकाळी मी त्याच खड्ड्यात उभी होते. बाबांनी स्वच्छ धुतलेला डगला घातला होता, बाह्या दुमडलेल्या. "थोडं सोड," ते दादाला म्हणाले. साखळी खुळखुळली. "आणखी. बास. बास म्हटलं ना!" इंजिन गाडीच्या पोटात बोटभर अंतरावर थांबलं. बाबांनी दोन्ही हातांनी ते डावीकडे वळवलं, कान लावल्यासारखं डोकं झुकवलं, आणि "आता सोड" म्हणाले. इतकं नेमकं उतरलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसं चांगल्या हाताचंही असतं, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात दादाला अंगठा दाखवला.

डाव्या बाजूचा बोल्ट बाबांनी हातानं लावला. एक आटा, दोन आटे. मग मला पाना उचलल्याचा आवाज आला.

मला वाटलं, बाजूला ठेवत असतील. पण पाना बोल्टाच्या डोक्यावर बसला, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मग एक फेर, दुसरा फेर, आणि रबर दाबलं जाताना करकरतं तसं करकरलं. शेवटी तो झटका. बाबांची ती सवय: बोल्ट पुरता आवळून झाला की वरून खांदा टाकून अर्धा हिसका द्यायचा. हिसका दिला आणि बाबा समाधानानं हुंकारले.

पहिला बोल्ट आवळून झाला होता, आणि बाकीचे दोन अजून लागायचे होते.

मी वर बघितलं. इंजिन आणि गाडीचा पत्रा यांच्या फटीतून मला दादाचा एक डोळा दिसत होता. तोही ह्याच घरात वाढलेला. त्यानं कधी हात काळे केले नाहीत, पण शेवटचा लागल्याशिवाय पहिला आवळायचा नाही, हे वाक्य त्यानं माझ्याइतकंच ऐकलं होतं, जेवताना, अभ्यास करताना, गाडीत मागे बसून. तो डोळा माझ्याकडे बघत होता. मी मूग गिळून उभी राहिले, कारण अट तशीच होती, आणि तो का गप्प राहिला ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ह्याला हवं होतं ते झालं.

उजवा बोल्ट बाबांनी इंजिनाला खांद्यानं रेटून लावला. मग म्हणाले, "दहा, मागचं बघ."

मी मागचं बघितलं. वरच्या आणि खालच्या पट्टीची भोकं एकमेकांवर यायला हवी होती. त्याऐवजी अर्धंच भोक दिसत होतं, चंद्रकोरीएवढं. डावीकडे जखडलेलं इंजिन मागे तिरकं झालं होतं. करायचं काय ते उघड होतं: "बाबा, डावा ढिला करा," एवढंच म्हणायचं. आणि ते म्हटलं की बाबा लिफ्टच्या इमारतीत, बागेतल्या बाकावर, गोळ्यांच्या गप्पांत. त्यांच्या चुकीवर मी माझ्या तोंडानं शिक्का मारायचा. माझ्यानं ते झालं नाही. मी पहार घेतली, गिअरबॉक्सच्या बगलेत घातली, सगळं अंग टाकून रेटली आणि बोल्ट आत घुसवला. ज्या खड्ड्यात माझी हातोडी काढून घेतली होती, त्याच खड्ड्यात.

"बसलं?" बाबांनी विचारलं.

"बसलं," मी म्हटलं.

दुपारभर आम्ही वायरी, नळ्या, केबली जोडल्या. बाबांनी एकही उलटसुलट केली नाही. मधे जेवायला बसलो तेव्हा ते खुशीत होते. आईनं पहिल्यांदा गाडी मागे घेतली आणि गॅरेजच्या दाराचं एक फळकूट तोडलं ती गोष्ट त्यांनी सांगितली. आम्हाला पाठ असलेली. ते फळकूट मग दादानं बॅट म्हणून वर्षभर वापरलं. दादा हसत होता, पण जेवत नव्हता. मी नुसता भात चिवडत होते. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं आणि बाबांनी दोघांच्या ताटातलं उरलेलं संपवलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा बाबांनी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू! दादा "वा!" म्हणाला. बाबा खाली उतरले, गाडीच्या पुढे आले आणि त्यांनी उजव्या हाताचा तळवा बॉनेटच्या कडेवर ठेवला. डोळे मिटले. गाडीचं दुखणं ते असंच शोधतात, पहिल्यापासून.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गाडी थरथरत होती. फार नाही. गिऱ्हाइकाला कळलंही नसतं. पण आरशाची काच बारीक कापत होती, आणि पत्र्यातून एक खरखर येत होती, जी सवतीची नव्हती. बाबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे उघडले, वाकून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खड्ड्याच्या पायऱ्या उतरून मागे बघितलं आणि वर आले. गाडी बंद केली.

"पहिला कोणी आवळला?"

दादानं साखळीचं टोक हातात घेतलं.

"मी विचारतोय. डाव्या बाजूचा बोल्ट आधी आवळलाय आणि मग मागचा पहारीनं घातलाय. पट्टीवर ओरखडा आहे. कोणाचं काम?"

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी म्हटलं, "माझं."

"तुझं?"

"हो. तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा."

"मीच सांगितलं तिला, बाबा," दादा म्हणाला.

मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो साखळीच्या टोकाशी चाळा करत होता. "ते इंजिन असं ढिलं लोंबकळताना बघून माझा जीव वर-खाली होत होता. मीच म्हटलं, एक तरी पक्का कर."

त्यानंतर बाबांनी जे तोंड सोडलं त्याला तोड नव्हती. "तुला कोणी विचारलं? आं? उंटावरून शेळ्या हाकायला आलास इथे? आणि तू गं, तू ह्याचं ऐकलंस? ह्याचं? ज्याला सायकलची साखळी बसवता येत नाही त्याचं? इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होतो? पहिला आवळतात? पहिला! आणि भोक सरकल्यावर काय, तर पहार! अगं, लोखंड ऐकत नाही म्हणून त्या मुक्या रबराला छळायचं? हातोडी काढून घेतली होती ना तुझी? आता पहार! उद्या सुरुंग लावशील! तुझ्या आईनं ही गाडी चालवली तेव्हा टपावर ठेवलेल्या कपातला चहा हलायचा नाही, माहीत आहे ना? का तेही विसरलीस?"

आम्ही दोघं मान खाली घालून शेजारी शेजारी उभे होतो. दादाचे केस पिकलेले, माझे रंगवलेले. दादाचा अंगठा चपलेत वळवळत होता, लहानपणी वळवळायचा तसाच. आणि काय सांगू, मला इतकं बरं वाटत होतं! किती वर्षांत मला कुणी असं फैलावर घेतलं नव्हतं. आजकाल बाबा माझ्याशी जपून बोलत, मी त्यांच्याशी जपून बोलत असे, आणि त्या जपून बोलण्यानं घर कसं दवाखान्यासारखं झालं होतं. त्या पाच-दहा मिनिटांत बाबा पूर्वीचे होते, मी पूर्वीची होते, आई आत स्वयंपाकघरात असून आता "पुरे हो, लेकरं आहेत ती" म्हणेल असं मला वाटत राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना वाटलं, बोलणं लागलं हिला. ते जरा नरमले.

"रडू नको. खोल सगळं. पुन्हा पहिल्यापासून. आधी डावा सोड."

मी पाना लावला आणि ओढला. बोल्ट हलेना. मी दोन्ही हातांनी लोंबकळले. दादा पुढे आला, त्यानं जोर लावला, चेहरा लाल केला, बोल्ट जागचा हलला नाही. "सरका," बाबा म्हणाले. त्यांनी पाना हातात घेतला, खांदा खाली टाकला आणि एक हिसका दिला. बोल्ट सुटला.

बाबा तसेच वाकून राहिले. त्यांनी पान्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. मग सरळ झाले आणि पाना माझ्या हातात दिला.

"तू लाव."

"तुम्ही लावा ना, बाबा."

"तू लाव म्हटलं."

मी लावले. तिन्ही बोल्ट बाहेर काढले, दादाला हूक पुन्हा अडकवून साखळी जराशी ओढायला सांगितली, इंजिन बोटभर उचललं, पुन्हा सोडलं. तिन्ही बोल्ट हातानं, दोन-दोन आटे. मग मी इंजिनाला धरून डुलवलं. पुढे, मागे, पुढे. बाबा बॉनेटपाशी उभे होते, हात मागे बांधून. मागचं भोक आपोआप समोर आलं, पूर्ण गोल. मी थोडं थोडं करत तिन्ही आवळले. किल्ली मी फिरवली. बाबांनी तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि मला पायाखालून ती घरघर आली, मागच्या सीटवर मधे बसून ऐकलेली. दादालाही ती आली असणार, कारण तो पटकन तोंड फिरवून बाहेरचा रस्ता बघायला लागला.

"झालं," बाबा म्हणाले. "आता बंद कर."

आम्ही तिघं नळापाशी हात धुवायला गेलो. बाबा नखं घासत होते. घासता घासता म्हणाले, "लपवाछपवी तुम्हा दोघांना कधीच जमली नाही. तो बोल्ट मी आवळला होता."

दादा म्हणाला, "नाही बाबा, मी—"

"गप रे. मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही, हे आधी सांगतो. पण तो हिसका माझा होता. हिच्या हातचा बोल्ट असा नसतो. ही आवळते ते सोडणाऱ्याला सुटतं. माझं मलाच सुटलं." त्यांनी साबण जागेवर ठेवला. "म्हणजे पैज मी हरलो. कधी निघायचं ते सांग."

दादा टॉवेल हातात धरून उभा राहिला. ज्याच्यासाठी तो इतक्या लांबून आला होता ते त्याच्या पुढ्यात होतं, आणि त्याला ते घेववेना. "बाबा," तो म्हणाला, "मला काही पैज जिंकायची नव्हती हो. मला रात्री फोन वाजला की धडकी भरते, एवढंच."

"ते बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले. "माझ्या हातात पाना असला की तुम्ही दोघं घाबरता. आज मीही घाबरलो." त्यांनी हात पुसले, सावकाश, एकेक बोट. मग ते माझ्याकडे वळले आणि घसा खाकरला. "पण निघायच्या आधी एक विचारायचंय. गॅरेज आता तुझं आहे. मालकीण तू. तर असा एक माणूस कामाला ठेवशील का, जो पान्याला हात लावणार नाही, गाडीखाली जाणार नाही, फक्त बॉनेटवर हात ठेवून काय दुखतंय ते सांगेल? तेवढं मला अजून येतं. आज आलं ना?"

माझ्या तोंडाला कुलूप नको होतं तेव्हा ते लागलं. मी, जिच्या जिभेला गिऱ्हाइकं वचकून असतात, ती नळापाशी नुसती उभी. बाबा वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कामासाठी दारात आलेल्या माणसाची अदब होती, आणि ती मला बघवत नव्हती.

"ठेव गं त्याला," दादा म्हणाला. "माझ्या ओळखीचा माणूस आहे. जरा तापट आहे, पण ठेव. मी त्याच्यासाठी शब्द टाकतो."

"मग सांग त्यांना," मी कशीबशी म्हटलं, "सोमवारपासून यायचं. आणि वेळेवर यायचं म्हणावं, मला उशीर चालत नाही."

बाबांनी मान हलवली. ज्या माणसानं उभा जन्म ह्या गॅरेजचं दार हव्या त्या वेळी, कुणालाही न विचारता उघडलं होतं, त्यानं मला विचारलं, "किती वाजता येऊ?"